पंचेचाळीस अंशांचे शेख सर

केजच्या बसस्टँडजवळ भर दुपारी एखादा उंच म्हातारा एक डोळा मिटून, पाण्याच्या टाकीकडे बघत उलटा चालताना दिसला, तर ते आमचे शेख सर. हातात कोनमापक, त्यावर चिकटवलेली रिकाम्या पेनाची नळी आणि दोऱ्याला लोंबणारा सायकलचा नट. नळीतून टाकीचं टोक दिसलं की दोऱ्यावरून कोन वाचायचा.

"टॅन म्हंजे काय? उंचीला अंतरानं भागायचं. पंचेचाळीसला टॅन एक, म्हंजे जेवढं अंतर तेवढीच उंची. पावलं मोजा, आपली डोळ्यापतूरची उंची मिळवा, झालं. टाकीवर चढायचं कामच न्हाई. लई इमानदार कोन हाय!"

एकदा हा इमानदार कोन शोधत मागं मागं जाताना सर सीताफळांच्या पाटीत बसले.

"सर, कावून बसलात ह्येच्यात?" फळवाला ओरडला.

"पंचेचाळीस इथंच येतो बे, त्याला मी काय करू?" कोन वाचूनच उठले.

माणसांनाही ते कोन वाटत. कामचुकार शून्य अंशाचा. आडवा पसरतो, उंची न्हाई. निवडून आलेला नव्वदचा. त्याच्या टॅनची किंमतच सांगता येत न्हाई. सर शाळेत गणित शिकवायचे, मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मला म्हणत, "मराठीवाले, तुमी पंधरा अंश. टॅनच्या तक्त्यातच न्हाईत."

भाभी, म्हणजे सरांची बायको, गेल्यावर सर चळले, असं गावात बोलतात. ती आवई माझी. पुण्याहून त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला होता. "चाचा, अब्बा एकटे राहतील ना?" मी हसत सीताफळांचा किस्सा सांगितला आणि वर "डोकं जरा हललंय" अशी फोडणी दिली. पोरगी घाबरली. रविवारी घराला कुलूप लावून त्यांना न्यायचं तिनं ठरवलं. सर जायला तयार होईनात, म्हणून समजूत घालायला शनिवारी मीच गेलो.

सरांची चटई जमिनीवर होती. शेजारी भाभींचा पलंग, डोक्याकडची फळी विटांवर तिरकी चढवलेली. चादर धुतलेली, कोणी न झोपलेली.

"डाक्टर म्हणले, तीस अंश ठेवा, न्हाईतर दम लागंल," सर म्हणाले. "उशा लावून अंदाजपंचे कसं चालंल? टॅन तीस, एक बटा रूट तीन. तीन फुटाला पावणेदोन फुटाच्या जरा आत. ती म्हणायची, अवो, बायकोचा पलंग हाय का तुमचा फळा?"

"आता तरी विटा काढा, सर."

"दोनदा काढल्या. रातभर वाटलं, तिला दम लागलाय. परत लावल्या."

मी तिथूनच नसीमला स्पीकरवर फोन लावला. "बाई, मी थट्टेत बोललो होतो. तुझे अब्बा धड आहेत. धड नाही तो मी."

ती म्हणाली, "मग अम्मी गेल्यापासून ते मला एकदाही 'ये' कावून म्हणले न्हाईत, चाचा?"

सर चादरीची सुरकुती काढत होते. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात पायजम्याला पुसून तो घेतला, कानाला लावला, खाकरले.

"ये," ते म्हणाले. "पण न्यायला नको येऊ, बेटा. बसायला ये."