सासऱ्यांची बोअर, जावयांची बोअर

पाणी ही निसर्गाची देणगी आहे आणि ज्याचा पाइप लांब त्याने ती घ्यावी, यावर आता साऱ्या सुशिक्षित समाजाचे एकमत झाले आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींचे तर ते कधीच झाले होते. ते भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. जमिनीखालचे पाणी सर्वांचे असते, हे त्यांनी तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते (आणि तास संपल्यावर पुसले होते).

सोसायटीची बोअर आटली तेव्हा त्यांनी पाणीबचतीची सभा घेतली. बचतीच्या बाजूने नव्वद टक्के हात वर झाले. उरलेले दहा टक्के खाली गाड्या धूत होते. पण बचत करायला आधी पाणी तर हवे, म्हणून बोअर तीनशे फुटांवरून पाचशेवर नेली. पाणी लागले, सेक्रेटरींचा सत्कार झाला आणि त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडच्या इमारतीचे नळ कोरडे पडले. तिथे त्यांची मुलगी तान्ह्या बाळासह राहत होती आणि तिथले सेक्रेटरी होते खुद्द जावईबापू.

सेक्रेटरींना अगदी मनापासून वाईट वाटले. नातवाच्या आंघोळीला रोज दोन बादल्या ते स्वतः नेऊन देत. जावईबापू वाकून नमस्कार करत, बादल्या ठेवून घेत. मग त्यांनी आपल्या सोसायटीत सातशे फुटांचा ठराव पास करून घेतला आणि बादल्यांची दिशा बदलली. नाते मात्र तसूभरही बिघडले नाही. भेट झाली की एकमेकांची चौकशी होई: तब्येत कशी आहे, बाळ काय म्हणते, किती फुटांवर आहात.

अकराशे फुटांवर दोन्हीकडून नुसती धूळ आली. बाळाचे अंग घामोळ्यांनी लालबुंद झाले होते. त्याला कडेवर घेऊन मुलगी दोघांपुढे उभी राहिली.

"बाबा, तुम्ही दोघांनी मिळून याचं पाणी पिऊन टाकलंत."

सेक्रेटरींच्या डोळ्यांत टचकन पाणी आले (तेवढे बोअरशिवाय आले). वाद कायमचा मिटवायचा म्हणून सासरे-जावई प्रथमच एकत्र बसले. दोन्ही सोसायट्यांची मिळून एकच बोअर घ्यायची ठरली. ती आडवी, रस्त्यापलीकडच्या इमारतीखाली. तिथले लोक सज्जन आहेत, वाचनात रमतात, असे बोअरवाल्याने सांगितले. काल बाळाला भरपूर पाण्याने आंघोळ घातली. ते गाढ झोपले.

तेव्हा आपण जरा उठून नळ सोडून पाहावा. नुसती हवा आली तर सेक्रेटरींना नावे ठेवू नयेत. आपल्या पलीकडच्या इमारतीत कोण राहते, हा विचार आपल्याही मनात आत्ताच येऊन गेला.