वॉर्बी खुर्दचं पाणी

आमच्या गल्लीत पत्ता विचारायचा असेल तर ढोलेकाकांना विचारू नये. मागे एका कुरियरवाल्यानं विचारलं, "काका, इथं पोस्ट ऑफिस कुठं हाये?" काका खुर्चीवरून उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "चर्चच्या मांगून जाय. तळं लागते. बदकं आडवे आले तं थांबजो, हारन वाजवजो नोको. लाल पेटीपासून डाव्या हाताले वळ." त्या बिचाऱ्यानं अमरावतीच्या साईनगरात किती वेळ बदकं शोधली असतील कोण जाणे. काकांनी सांगितलेला पत्ता अगदी बरोबर होता. फक्त तो इंग्लंडमधला होता.

महादेवराव ढोले हे एसटीचे निवृत्त कंट्रोलर. उभी हयात आकोटच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. काकूंनी जेवायला हाक मारली की "ताट फलाटावर लागलं का?" म्हणून विचारतात आणि लागलेलं नसेल तर चौकशी सुरू करतात. अमरावतीत घर बांधून कितीतरी वर्षं झाली, पण ते 'आपलं गाव' म्हणतात तेव्हा ते आकोटही नसतं आणि अमरावतीही नसतं. ते असतं लिटल वॉर्बी.

"इंग्रजायच्यातबी आपल्यासारखंच हाये, सर," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून दिलं. "ग्रेट वॉर्बी म्हंजे वॉर्बी बुद्रुक. लिटल वॉर्बी म्हंजे वॉर्बी खुर्द. आपलं खुर्द."

आपल्या या खुर्दात काकांनी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. सगळी माहिती फोनवरच्या नकाशातून आणि त्या गावाच्या वेबसाइटवरून मिळवलेली. गावाचं एक मासिक पत्रक निघतं. मी कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा. त्यामुळे दर महिन्याला एक रविवार मी काकांच्या ओसरीवर शिक्षा भोगतो. केकच्या स्पर्धेत कोण पहिलं आलं, कुणाचं मांजर हरवलं, चर्चच्या छताचं काम कुठवर आलं, हे सगळं मी वाचायचं आणि काकांनी त्यावर ताशेरे ओढायचे.

इतिहास तर मला तोंडपाठ झाला आहे. गावात एक देशमुख होता. मुळात तो लॉर्ड होता, पण काकांनी त्याला देशमुख करून टाकलं. त्यानं दुष्काळात गावासाठी तळं खोदलं. मग एका रात्री बुद्रुकवाल्यांनी खुर्दच्या चर्चची घंटा पळवली. ती अजून परत दिलेली नाही. "बुद्रुकवाल्यायची जातच तशी," काका म्हणतात. "आपल्याकडे पाहा ना. कोनतंबी बुद्रुक घ्या." काकू दाणे निवडता निवडता म्हणतात, "माहं माहेर बुद्रुक हाये." काका म्हणतात, "मंग मी काय सांगून राहिलो!"

गावाबद्दल त्यांच्या तक्रारीही होत्या. मसणवटा चर्चच्या अंगणातच असणं त्यांना अजिबात पटलं नव्हतं. दारूचं दुकान तर देवासमोर. पण त्याच दुकानात बुधवारी म्हाताऱ्या माणसांना जेवायला घालतात, हे मी वाचून दाखवल्यावर त्यांनी ती तक्रार मागे घेतली. बस दिवसातून दोनदा येते आणि वेळेवर येते, यावर मात्र त्यांचा विश्वास बसायला सहा महिने लागले.

आता हे गाव कुठून आलं ते सांगतो. काकांची एकुलती एक मुलगी वैशाली तिथं राहते. नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथल्याच टॉम नावाच्या मुलाशी लग्न केलं. लग्नाआधी तिनं घरी कळवलं, पण विचारलं नाही. तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नाहीत. तिचा फोन आला की काकू बोलतात आणि काका शेजारी उभे राहून पंख्याचं बटण तपासतात. मध्येच म्हणतात, "विचार तिले, तळ्याची भिंत दुरुस्त केली का?" काकू विचारतात. वैशाली काय सांगते ते काकांना नीट ऐकू येतं, तरी ते काकूंकडून पुन्हा वदवून घेतात.

मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, जावई गोरा आहे म्हणून राग आहे का?"

"गोरा असो का निळा असो, मले काय करा लागते?" काका खवळले. "तिनं मले गाव पाहू देल्लं नाही!"

मग कळलं. ढोल्यांच्या घरात मुलगी द्यायची तर बाप आधी त्या गावात एकटा जाऊन येतो. पाहुण्यांच्या घरी जायचं नाही. गावभर फिरायचं, न्हाव्याकडे बसायचं, चक्कीवाल्याशी बोलायचं, आणि शेवटी गावच्या विहिरीचं पाणी प्यायचं. मुलगा पाहायचा तो त्यानंतर. "पोरगा सुदरते नाहीतं बिघडते, सर. गाव आहे तसंच राह्यते." हा हक्क वैशालीनं बुडवला होता, आणि काका तो फोनवरून वसूल करत होते. बोटानं नकाशावर गल्लीगल्ली फिरायचे. लाल पेटीपाशी आले की बोट थांबायचं आणि मागे वळायचं.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"पोरीचं घर. गाव पाहून झाल्याबिगर घरात जात नसते."

"मग आता पाहायचं काय राहिलं?"

काकांनी नकाशावरून बोट उचललं. मग भोंग्याचा आवाज एकदम खाली आला. "पानी राह्यलं. माह्या मोठ्या बहिनीले खारपानात देल्लं होतं, दर्यापूरकडे. बाप पोराची नौकरी पाहून खुश झाला, पानी पाह्याले गेलाच नाही. तिकडचं पानी खारट. दाळ शिजे नाही त्याच्यात. बाईनं जलमभर डोक्शावर हंडे वाह्यले, कोसावरून. मरेपर्यंत तिची मान वाकडीच राह्यली." मग फोन माझ्यापुढे धरला. "अन् हे पाहा. वेबसाइटवर सारं हाये, बदकायचे फोटो हायेत, पान्याबद्दल कोनी लिहत नाही. माती चुनखडीची हाये म्हंते."

चुनखडीनं काय होतं ते मला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं.

या दिवाळीला वैशाली आणि टॉम आले. गल्ली लोटली. टॉम इतका उंच की दारात त्यानं नमस्कारासाठी मान वाकवली की चौकट चुकवायला, हे कुणालाच कळलं नाही. काका मला म्हणाले, "विचारा त्याले, तळ्याची भिंत झाली का?" मी विचारलं. टॉमला भिंत पडली होती हेच ठाऊक नव्हतं.

"गावात राह्यते का नुसता झोपाले येते?" काका म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही.

मग वैशालीनं बॅगेतून स्वेटरात गुंडाळलेल्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "आई, बाबाले सांग, गावचं पानी आनलं."

काका उभेच राहिले. "तिले विचार, नळाचं का विहिरीचं?"

वैशाली हातभर अंतरावर उभी होती. "आई, त्यायले सांग, नळाचं. विहीर बुजवली."

काकांनी पेल्यात ओतलं, उजेडात धरलं, एक घोट तोंडात घोळवला. बाटल्या काकूंकडे दिल्या. "दाळ टाक याच्यात. गंजात टाक. कुकरात तं गोटेबी शिजतेत."

तुरीची डाळ गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात, चढली. आम्ही सगळे ओसरीवर बसून फराळ करत होतो, पण कान स्वयंपाकघराकडे होते. चिवडा संपला. शेव संपली. टॉमला अनारसे फार आवडले. काकू दर थोड्या वेळानं आतून म्हणत, "होऊन राह्यली." एकदा काका स्वतः आत गेले. मी दारातून पाहिलं. त्यांनी पळीतला एक दाणा दोन बोटांत धरून दाबला, पुन्हा दाबला, आणि तसाच गंजात टाकून बाहेर आले.

अखेर पानं वाढली. वरण कसलं, वर नुसतं पिवळं पाणी आणि खाली डाळ. माझ्या भातावर एकेक दाणा वेगळा पडला होता. वैशाली मान खाली घालून बसली होती. तिच्या हातातला घास तसाच होता. मला मनापासून वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी तोडून बोलणार आणि पोरीची दिवाळी जाणार.

काकांनी भात कालवला. घास घेतला. चावला, बराच वेळ चावला. मग आकोटच्या स्टँडवर गाडी पुकारावी तसे म्हणाले, "दाळ शिजली. पानी गोड हाये. गाव चांगलं हाये."

"मस्त शिजली," मी म्हणालो. दाढेखाली दाणा कटकन वाजला.

जेवण झाल्यावर सगळे अंगणातल्या नळावर हात धुवायला गेले. काका सर्वांत शेवटी गेले. वैशाली नळाशी होती. काकू आत होत्या, आणि या वेळी काकांनी त्यांना हाकही मारली नाही.

"वैशू," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतकं हळू बोलताना प्रथमच ऐकलं, "दाळ रातचीच भिजू घालत जाय, माय. अन् चिमूटभर सोडा टाकत जाय."

"हो, बाबा."

"मी तिकडे आलो का पाहीन."

वैशालीनं नळ सोडला आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिली.