हैबतरावांनी पिल्सनर घातली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करोन लिहिले. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सर, उन्हाळियाचे दिवस. ते समयी राज्यात हैबतराव म्हणोन सरदार होते. घरी बिअर करण्यात त्यांचा हात धरील ऐसा कोणी नव्हता. राज्याभिषेकदिनी राजियांचा पहिला पेला हैबतरावांचे पिंपातून भरावा ऐसा रिवाजच पडला होता. मग त्यांचे साडू निंबाजीराव विलायतेहून परतले आणि तिकडील रीतीने गव्हाची बिअर करिते जाहले आणि गतवर्षी पहिला पेला त्यांचे पिंपातून भरला. तेव्हांपासोन हैबतरावांस अन्न गोड लागेना. साडू दरबारी हसले तरी आपणांसच हसले ऐसे वाटे, आणि न हसले तरी मनात हसत असतील ऐसे वाटे.

यंदा राजियांनी उभयतांकडे पिल्सनर माल्टाची पोती धाडिली. म्हणजे मोड आणोन मंद आंचेवर वाळविलेले जव, रंगे फिकट, चवीस लाह्यांसारखे. आज्ञा ऐसी की धान्य एकच, बिअरचा प्रकार ज्याचा त्याने निवडावा. हैबतराव पोते उघडोन दाणे चावीत विचारास बसले. कोल्श करावी तर सौम्य, चारचौघांत उठोन दिसणार नाही. बेल्जमी ब्लाँड करावी तर साखरेने अंमल फार चढतो आणि राजे वृद्ध, पेल्यासरशी निद्रा करितील. सेझाँ करावी तर ती उकाड्यातच उत्तम आंबते आणि मिरीसारखी चरचरते. पिल्सनर करावी तर सर्वांत निर्मळ, परंतु तिजला आरंभापासोन शेवटपर्यंत थंडी पाहिजे. त्यांचे कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या की दिवस तापले आहेत, सेझाँच घालावी. रावांस ते मानवले आणि हांडे घासावयास काढिले. इतक्यात बातमी आली की निंबाजीरावांनी बर्फखाना भरिला, ते पिल्सनर करणार. मग मानवलेले सर्व राहिले.

“त्यांस साधते आणि मजला साधत नाही, ऐसे लोकांनी म्हणावे काय?” इतके बोलोन रावांनी पिल्सनरचाच हुकूम केला. हॉप्सची कडू फुले घातली, आंबविणारे यीस्ट सोडिले आणि पिंपाभोवती बर्फ रचिला. आणि पुढे ऊन ऐसे पडले की बर्फ वितळोन तळघरात पाणी साचले, आणि डोंगराकडे स्वार पाठविले ते रिते आले. राव पिंपास ओल्या घोंगड्या गुंडाळीत बसोन राहिले. तो दारी गाड्या उभ्या राहिल्या. निंबाजीराव खासा उतरले आणि म्हणाले, “दादासाहेब, तुमचा बर्फ सरला ऐसे ऐकिले. माझा सारा आणिला आहे. मी आता सेझाँ घालितो, तिजला उकाडाच मानवतो.”

गाड्या माघारी लावाव्या ऐसे रावांचे मनात फार आले. परंतु पिंप हाताला कोमट लागत होते. त्यांनी मान हालविली आणि बर्फ उतरवून घेतला, आणि साडूंस पाणीही विचारिले नाही. ते सगुणाबाईंनी विचारिले.

राज्याभिषेकदिनी पिल्सनर सोन्यासारखी उतरली, तीवर पांढरा फेस उभा राहिला. राजियांनी दोन्ही चाखिल्या आणि पहिल्या पेल्याचा मान हैबतरावांस दिला. निंबाजीराव सर्वांआधी उठोन वाहवा बोलिले. त्यांचे मुखावर किमपि खेद नव्हता, आणि तेच रावांस सर्वांहून अधिक बोचले. मग घरी येतां त्यांनी सगुणाबाईंस पुसिले, “खरे सांगावे. कोणती उत्तम?”

बाई म्हणाल्या, “उत्तम आपलीच. परंतु दुसरा पेला घ्यावा ऐसे भावोजींची पिऊन वाटले.”

येणेप्रमाणे हैबतरावांचा मान त्यांस परत मिळाला आणि सुख मिळाले नाही. पुढे साडू भेटीस येत आणि राव घरी नाहीत ऐसे सांगवीत. वर्तमान इतुकेच, जैसे घडले तैसे लिहिले.