भोंग्याबरोबर एक डोस

स्वप्नं पाहण्यात माझा हात धरणारा डॉक्टर अख्ख्या मुंबईत सापडायचा नाही! घोडपदेवच्या माझ्या दवाखान्यात रोग्याची नाडी धरल्या धरल्या मी मनाने जगभर हिंडून येतो. त्यामुळे देशोदेशीच्या फॅमिली डॉक्टरांची परिषद फोर्टात भरते आहे आणि तरुण डॉक्टर म्हणून मला पाच मिनिटं बोलायचं आहे, असं पत्र आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. एवढा उशीर का झाला, असं मात्र वाटलं.

माझा शोधच तसा होता. आमच्याकडे घड्याळं कमी, पण गिरणीचा भोंगा बहिऱ्यालाही ऐकू येतो. म्हणून मी सांगायचो, भोंगा वाजला की बाटलीतला एक डोस घ्यायचा. या पद्धतीत डोस चुकूच शकत नाही, हे मी जगाला सांगणार होतो. चाळीतल्या सुंदराबाईंचा खोकला महिनाभर हटत नव्हता, पण त्याचा दोष मी हवेला दिला होता.

पत्राची बातमी माझा कंपाउंडर गुणाजी चाळीत घेऊन गेला. देशोदेशीचे डॉक्टर म्हणजे बोटीचा प्रवास, हे चाळीने परस्पर ठरवून टाकलं. मी लगेच खुलासा करायला हवा होता. पण सुंदराबाई नळावर 'आमचे डॉक्टर सातासमुद्रापार चालले' म्हणून सांगत होत्या, ते कानाला इतकं गोड लागलं की मी नुसता हसलो. तिथेच घात झाला.

परिषदेच्या सकाळी कोट चढवून खाली उतरलो तर दारात लेझीम, हार, नारळ आणि दीडशे माणसं! मला मधे घेऊन मिरवणूक निघाली ती थेट गोदीकडे, बोटीवर चढवायला. माझं भाषण दहाला होतं. वाटेत कुठेतरी सटकू, असा माझा बेत होता. पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चार माणसं एका दिशेने चालू लागली की तोंडातून घोषणा आपोआप बाहेर पडायची. गुणाजीने आरोळी ठोकली, "डॉक्टर परत आलेच पाहिजेत!" दीडशे गळ्यांनी ती उचलली. माझगावच्या नाक्यावर पोलिसांनी बिनपरवान्याचा मोर्चा म्हणून आम्हाला अडवलं.

फौजदाराने विचारलं, पुढारी कोण? सगळी बोटं माझ्याकडे वळली. कुठे निघालात, या प्रश्नाला मात्र खरं उत्तर देणं भाग होतं.

"फोर्टात," मी म्हणालो. "संध्याकाळी जेवायला घरीच आहे."

लेझीम थांबली.  माझ्यासाठी आणलेली लाडवांची पुरचुंडी सुंदराबाईंनी पदराआड घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुटका होईपर्यंत साडेअकरा वाजले. सभागृहात पोचलो तर माझी पाच मिनिटं दुसऱ्यानेच बोलून संपवली होती. चहाच्या टेबलाशी मी एकटा उभा, गळ्यात हार तसाच. एका म्हाताऱ्या डॅनिश डॉक्टरने तो हार कसला म्हणून विचारलं आणि मी त्याला भोंग्यासकट सगळं सांगून टाकलं. तो रंगून ऐकत होता. त्याच्या गावी मासेमारीच्या बोटी परतल्या की म्हातारी माणसं औषध घेत. समुद्रापलीकडे कुणीतरी आपल्यासारखंच डोकं चालवतं आहे, या विचाराने मी हवेत तरंगू लागलो.  मग त्याने कप खाली ठेवत सहज विचारलं, "हरताळाच्या दिवशी भोंगा वाजतो का?"

मी तरंगत होतो तो जमिनीवर आलो.

संध्याकाळी तडक सुंदराबाईंकडे गेलो आणि माफी मागितली. त्यांनी खोकत खोकत लाडू पुढे केला. मी हळूच विचारलं, गेल्या आठवड्यात चार दिवस गिरण्या बंद होत्या, तेव्हा औषध कधी घेतलंत? त्यांनी फळीवरची बाटली काढून दाखवली. चार दिवसांचं औषध तसंच होतं.

"भोंगो वाजलो नाय तर डोस कसो घेवचो, डॉक्टरांनू? तुमीच सांगितलात ना?"

माझं भाषण चुकवणाऱ्या त्या फौजदाराला एकदा लाडू नेऊन द्यावा म्हणतो.