कापसाच्या खोलीतले जावककाका

एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला नीट ओळखायला हवं, आणि लिहिताही यायला हवं. माझ्याकडे दोन्ही गोष्टी अर्ध्याच आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. मी सेनगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेच्या पेपराबाहेर आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा वयाने मोठ्या माणसावर लिहिण्याचं हे धाडस वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. त्र्यंबककाकांना विचारूनच लिहिते आहे. त्यांनी एकच अट घातली, "खाडाखोड नको."

त्र्यंबककाका आमचे शेजारी. कचेरीत ते आवक-जावक कारकून होते, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नंबर देणं काही सुटलं नाही. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक असतो. म्हणून गल्लीत सगळे त्यांना जावककाका म्हणतात.

एकदा आमच्या शेळीने त्यांची तुळस खाल्ली. भिंतीवरून हाक मारली असती तरी आम्हाला ऐकू आली असती. काकांनी पत्र पाठवलं. "विषय : आपल्या शेळीने तुळशीचे रोप भक्षण केल्याबाबत." माझ्या वडिलांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. बाबा गंभीरपणे म्हणाले, "जाय, सांग काकाले, शेळीला समज दिली म्हणून." मी जाऊन सांगितलं. काकांनी स्वतःजवळ ठेवलेल्या स्थळप्रतीवर 'निकाली' असा शेरा मारला आणि मला चहा दिला.

निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग सुरू केला. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी : विहीर कशी खोदली, पहिली एस.टी. गावात आली तेव्हा कोण कोण तिला ओवाळायला गेलं. प्रत्येक लेखाला वर विषय, मग संदर्भ, आणि शेवटी "माहितीस्तव सविनय सादर". पण मधला मजकूर फार चांगला असायचा. मी सगळे लेख वाचलेत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात गयाआक्का आहे. काकांची आई लवकर गेली, आणि या थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. ती डोंगरकड्याला दिलेली आहे.

गेल्या दिवाळीनंतर काका आमच्या ओट्यावर आले. मला ते कुमारी शीतल म्हणतात, अगदी समोरासमोरसुद्धा.

"कुमारी शीतल, हे पॉडकास्ट म्हणजे काय असतं?"

मी सांगितलं, की लेख लिहून टाकायचा तसा बोलून टाकायचा. लोक फोनवर ऐकतात.

"वाचता न येणारं माणूसही ऐकू शकतं?"

"हो काका."

ते म्हणाले, "आक्काला अक्षर येत न्हाई. सहा वर्षं मी तिच्यावर लिहून राहिलो, आणि तिला त्यातलं एक अक्षर ठाऊक न्हाई. अकरा वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत न्हाई. भाऊबीजेला येत न्हाई. तिनं एकदा ऐकावं, एवढंच काम आहे."

काहून बोलत नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आम्ही कामाला लागलो. फोनमध्ये ॲप घेतलं. कानात घालायच्या वायरीचा माइक होता, तो काकांच्या सदऱ्याच्या गुंडीला अडकवला. पहिला भाग त्यांनी उभं राहून वाचला. साहेबासमोर बसून वाचायची सवय नव्हती, म्हणाले. ऐकून पाहिलं तर निम्म्यात पंखा होता आणि निम्म्यात भांडीवाला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी त्यांच्या सिमेंटच्या घरात आवाज घुमायचा. जणू माणूस रिकाम्या टाकीत बसून बोलतोय.

तेव्हा मला आमची पुढची खोली आठवली. भाव येईपर्यंत आम्ही वेचलेला कापूस तिथे भरून ठेवतो. यंदा तो खिडकीपर्यंत आला होता. त्या खोलीत हाक मारली तर आपलीच हाक आपल्याला परकी वाटते, इतकी ती शांत असते. मी बाबांना विचारलं.

"कापसात माणूस बसवून राहिली का तू?" बाबा म्हणाले. मग म्हणाले, "बसू दे. फक्त बिडी न्हाई."

काका बिडी ओढत नाहीत, पण त्यांनी तसं लेखी दिलं.

रोज दुपारी तीनला ते यायचे. चपला बाहेर, हातात वही. कापसात उभं राहता येईना, म्हणून नाइलाजाने बसायचे आणि कमरेपर्यंत आत जायचे. दर पाच मिनिटांनी शिंकायचे. बाहेर यायचे तेव्हा मिशीला, भुवयांना कापूस. आई म्हणायची, "दादा, अजून चार भाग झाले की आमचा कापूस दहावी पास व्हईल."

भाग झाला की मी तो काकांच्या भाच्याला, केशवला, पाठवायचे. तो आक्काचा मुलगा, आणि फोन त्याच्याच हातात असतो. पाठवलेलं पोचायचं. उत्तर यायचं नाही. असे आठ भाग गेले.

नवव्या भागाच्या वेळी आई दारात तूर निवडत बसली होती. काका आतून वाचत होते, "विषय, सन एकोणीसशे बहात्तरमधील विहीर. संदर्भ, निरंक." आईने सूप खाली ठेवलं.

"दादा, तुमी बहिणीशी बोलून राहिलात का साहेबाशी?"

काका थांबले. "पद्धत आहे ती, शीतलची माय."

"आसंल. पर माझ्या भावानं मला आसं सांगितलं आसतं, तर मी बी उत्तर दिलं नसतं."

काकांनी वही मिटली. तो भाग अर्धाच राहिला.

त्याच आठवड्यात कापसाला भाव आला. बाबांनी सांगितलं, उद्या सकाळी गाडी येणार. मी काकांना निरोप दिला, की आज शेवटचा दिवस आहे. ते तीनच्या आधीच आले. वही नव्हती. एक जुना, घडी पडलेला कागद होता. मला म्हणाले, "सुरू कर आणि मधी थांबवू नको."

मग ते बोलले. मला जेवढं आठवतं तेवढंच लिहिते.

"आक्का, मी बापू. अकरा वर्षांमागं तुला बोलावून घेतलं. सातबाऱ्याचं काम आहे, अंगठा दे, म्हटलं. ते हक्कसोडपत्र व्हतं. आपल्या आबाच्या शेतातला तुझा हिस्सा तू सोडला, असं त्यात लिहिलंय. अक्षर माझंच आहे. साहेबानं विचारलं, मंजूर का? तू साहेबाकडं न्हाई पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, आणि व्हय म्हणली. मी जन्मभर दुसऱ्याचे कागद वाचून दाखवले आक्का. तुझा तेवढा वाचला न्हाई. शेत मला एकट्याच्या नावावर पायजे व्हतं. दुसरं कारण न्हाई. आज वाचतो, ऐक."

आणि त्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. गट नंबर, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं. कठीण शब्द आला की थांबून त्याचा साधा अर्थ सांगत होते. त्या दिवशी त्यांना शिंक आली नाही. आई दारातच उभी होती. मला तिच्याकडे पाहवेना. मला एक भाऊ आहे, आणि आमचंही शेत आहे.

मी तो भाग केशवला पाठवला. काका म्हणाले, "फक्त त्यालाच. बाकी कुणाला न्हाई." सकाळी गाडी आली आणि खोली रिकामी झाली.

उत्तर आलं नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. काका तरीही तीन वाजता यायचे, त्या रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसायचे आणि विचारायचे, "काही?" मी फोन पाहून मान हलवायचे. आई चहा ठेवायची. एकदा ते म्हणाले, "न्हाई बोलली तरी बराबर आहे तिचं." दूधवाल्याच्या चिठ्ठीवर त्या दिवसांत नंबर नसायचा. गल्लीत कुणी त्यावरून चेष्टा केली नाही.

परवा दुपारी केशवच्या फोनवरून आवाजाचा निरोप आला. काका समोरच होते. आईने बटण दाबलं. आधी कोंबड्यांचा आवाज, मग कुणीतरी कुणाला तरी "हिथं बोलायचं का?" असं विचारलेलं, आणि मग एका म्हातारीचा जाड, सावकाश आवाज.

"बापू, मी गया बोलून राहिले. केशव्याला तुहा राग, त्यानं फोन लपवून ठिवला व्हता, मला काल ऐकवलं. दोनदा ऐकलं. तो कागद कशाचा व्हता, ते मला तवाच समजलं व्हतं. मला अक्षर येत न्हाई, पर तुहं तोंड येतं वाचता. तू मागितलं आसतं तर मी दिलंच आसतं रे. तू मागितलं न्हाई, त्याची तकलीफ झाली. सोमवारपासून हरभरा काढायचा हाय, मंग मला सवड न्हाई. तू आयतवारी ये. जेवायलाच ये."