मंदक हटवण्याची कार्यवाही

ज्या विषयाची माणसाला नीट माहिती असते, त्याबद्दल बोलताना तो अडखळतो. म्हणून सार्वजनिक धोरण माहितीवर उभं करता येत नाही, मतांवर करावं लागतं. मत असलेला माणूस कधी अडखळत नाही. शिवाय माहिती मोजक्या लोकांकडे असते आणि मतं घरटी किमान चार, त्यामुळे न्यायाच्या दृष्टीनेही मतांचंच पारडं जड.

या उदात्त विचारातून लोकमत-प्राधान्य कायदा झाला आणि तो राबवण्यासाठी मतसंग्रह कार्यालय उघडलं. कायदा सुटसुटीत आहे. रस्त्यावरचा दिवा, नळ, पाटी, यंत्र, काहीही बदलायचं तर आधी लोकांचं मत घ्यायचं. निम्म्याहून जास्त लोकांनी जे मागितलं, ते नव्वद दिवसांत करायचं. का मागितलं, हे विचारायचं नाही (कलम सात, नागरिकांचा अपमान होऊ नये म्हणून). कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण बटणं दाराच्या डावीकडे असावीत की उजवीकडे यावर बहुमत होईपर्यंत ती बंद ठेवली आहे. लोक जिना चढून येतात आणि वर पोहोचल्यावर लिफ्टबद्दल मत नोंदवतात.

या कार्यालयात दशांश नोकरीला होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. संख्याशास्त्राची पदवी घेऊन ती रुजू झाली, त्या पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "चहा कधी येतो गं?" तिने चार दिवस नोंदी घेतल्या आणि पाचव्या दिवशी उत्तर दिलं, "सरासरी दहा वाजून चाळीस पूर्णांक पंचवीस मिनिटांनी." तेव्हापासून ती दशांश. प्रश्नावल्या तयार करणं आणि आलेली उत्तरं मोजणं हे तिचं काम.

दशांश आत्याकडे राहायची. आत्याचं घर रस्त्याच्या या बाजूला आणि शिवणकामाचं दुकान बरोबर समोर. मधे चार पदरी रस्ता आणि एक सिग्नल. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा नऊ सेकंद लागायचा. आत्याचे गुडघे मात्र नऊ सेकंदांचे राहिले नव्हते. दशांशने स्टॉपवॉच घेऊन वीस वेळा मोजलं: आत्याला रस्ता ओलांडायला सरासरी १४.३ सेकंद लागत. राहिलेल्या ५.३ सेकंदांच्या वाटेसाठी आत्या पुढचा हिरवा दिवा लागेपर्यंत रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या पट्ट्यावर उभी राहायची, गळ्यात टेप, हातात कापडाची पिशवी, आणि दोन्ही अंगांनी ट्रक. मागच्या महिन्यात एका ट्रकने पिशवी नेली. पिशवीत कुणाच्या तरी लग्नाचं ब्लाउज होतं.

"आता पुढची पाळी माझी," आत्या जेवताना म्हणाली. "मी दुकान बंद करीन, पण या वयात रस्त्यावर धावणार नाही. तीस वर्षं शिवतेय. तुझ्या त्या कचेरीला सांग, पाच सेकंद द्या म्हणावं."

"आत्या, असं सांगता नाही येत. मत घ्यावं लागतं."

"मग घे की! माझं लिहून घे."

"तुझ्या एकटीचं नाही चालत गं."

"रस्ता मी एकटीच ओलांडते ना?"

 दशांशने प्रस्ताव मांडला आणि 'मुख्य चौकातील पादचारी सिग्नल' या विषयावर बारा प्रश्नांची प्रश्नावली मंजूर झाली.

पुढचं सगळं घडलं ते तिच्या काटेकोरपणामुळे. लोक प्रश्न वाचून उत्तरं देतात की न वाचता, हे तपासायला एक खोटा प्रश्न घालावा, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. न वाचता खुणा करणारे त्यात सापडतात आणि त्यांचे अर्ज बाजूला काढता येतात. म्हणून अकरावा प्रश्न तिने असा लिहिला: 'सिग्नलमध्ये बसवलेला मंदक काढून टाकावा का?' मंदक हा शब्द तिला अणुभट्टीच्या धड्यातून आठवला होता (तिथे तो न्यूट्रॉनचा वेग कमी करतो). सिग्नलमध्ये मंदक नसतो. कुठल्याच चौकात, कुठल्याच खांबावर नसतो.

बाराशे चार लोकांनी उत्तरं दिली. निकाल पुढीलप्रमाणे.

हिरव्या दिव्याचे सेकंद वाढवावेत: ४३.९४ टक्के (पायी जाणारे). कमी करावेत: ४३.९४ टक्के (गाडीने जाणारे). सिग्नलच उखडून टाकावा: १२.१३ टक्के (दोन्हीकडून वैतागलेले). बहुमत नाही, सबब बदल नाही. (बेरीज १००.०१ येते. दशांशने तशी तळटीप दिली होती. साहेबांना तो जास्तीचा शतांश लोकांचा उत्साह वाटला.)

मंदक काढून टाकावा: ६१.३८ टक्के. ठेवावा: २१.६८ टक्के. १९८ जणांनी दिलेल्या चौकटी सोडून स्वतःची चौकट आखली आणि तीत सूचना लिहिल्या, जसं की 'दोन बसवा', 'आधी स्टेशनसमोरचा काढा मग इथला', 'मंदक चांगला आहे पण देखभाल नाही'. 'माहीत नाही' या चौकटीत सहा खुणा होत्या. त्यातल्या पाच चुकून झाल्याचं संबंधितांनी नंतर लेखी कळवलं. सहावे गृहस्थ वाहतूक सिग्नलचे निवृत्त अभियंते होते.

दशांश कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणजे मुख्य मतसंग्राहक. सज्जन माणूस, सव्वीस वर्षांच्या सेवेत स्वतःचं मत एकदाही दिलेलं नाही.

"साहेब, एक चूक झाली. मंदक असं काही नसतंच. तपासणीसाठी मी तो प्रश्न घातला होता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहो, सातशे एकोणचाळीस लोकांना त्याचा त्रास होतोय."

"पण तो नाहीये."

"तुम्ही एकट्या म्हणताय नाही. ते सातशे एकोणचाळीस आहेत. आणि दोनशे एकसष्ट लोकांना तो हवाय, त्यांना मी काय तोंड दाखवू?" साहेबांनी फाइल ओढली. "नव्वद दिवसांत काढायचा. कायदा आहे."

"नसलेली वस्तू काढणार कशी?"

हा प्रश्न साहेबांना पटला. त्यांनी दोन दिवस विचार केला. वस्तू न काढता 'काढली' असं लिहिणं म्हणजे सरकारी कागदावर खोटं लिहिणं, आणि ते त्यांच्या हातून होणार नव्हतं. तेव्हा मार्ग एकच उरला. मंदक काढण्याच्या सोयीसाठी तो आधी बसवण्यात यावा, असा आदेश निघाला.

सिग्नलचं काम बघणारा तंत्रज्ञ शिडी आणि पत्र्याची एक पिवळी पेटी घेऊन चौकात आला. पेटी जेवणाच्या डब्याएवढी होती आणि आत काही नव्हतं. त्याने कार्यालयात विचारून पाहिलं होतं, "आत काय भरू?" वरून उत्तर आलं होतं, "प्रश्नावलीत तसा उल्लेख नाही."

पेटी खांबावर चढवायची तर नियंत्रणाचं कपाट उघडणं भाग होतं. ते उघडलेलं आत्याने दुकानातून पाहिलं आणि गळ्यातल्या टेपसकट ती बाहेर आली.

"काय रे भाऊ, काय लावतोयस?"

"मंदक आहे मावशी. काढायचा आहे, म्हणून लावतोय."

"बरं बरं. अन् ते नऊ लिहिलंय ते काय?"

"ते सेकंद. हिरव्याचे."

"उघडलंच आहेस तर तेवढे चौदा पूर्णांक तीन करून टाक."

"मावशी, यात पूर्णांक नाही चालत. आणि मला तसा आदेश नाही."

"तुला मंदक लावायचा आदेश आहे ना?" आत्याने कंबरेवर हात ठेवले. "उद्या साहेब येऊन विचारतील, लावला तर मग मंद काय झालं? काय दाखवशील त्यांना, हा डबा?"

तंत्रज्ञाने शिडीवरूनच रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्याने बोटाने सहा वेळा बटण दाबलं आणि नऊचे पंधरा झाले.

मंदकाचा परिणाम लगेच दिसू लागला. लोक न धावता रस्ता ओलांडू लागले. दशांशने मोजलं: मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर अडकणाऱ्यांची संख्या दिवसाला सत्तेचाळीसवरून दोनवर आली (दोघेही फोनवर बोलत होते). मंदकाबद्दलच्या तक्रारी मात्र आठवड्यात एकशे बारा झाल्या. पेटीखाली उभं राहिलं की डोकं दुखतं. पेटीजवळ फोन लवकर चार्ज होतो. पेटी पिवळी आहे हे ठीक, पण एवढी पिवळी का. आत्याच्या दुकानाशेजारी सलून होतं, तिथले काका आरशातून पेटीकडे बोट दाखवून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझ्या मेव्हण्याच्या गावात बसवला होता हाच. सहा महिन्यांत काढावा लागला. लोकांचे केस गळायला लागले."

"मग तुमचा धंदा बसेल की हो काका," आत्या दारातून म्हणायची.

"म्हणून तर विरोध आहे ना माझा!"

दिवस भरत आले. काढण्याचा आदेश टाइप झाला: 'मंदक काढून सिग्नल पूर्वस्थितीत आणावा.' दशांशने तो दोनदा वाचला. मंदक गेला तर गेला, पण पूर्वस्थिती म्हणजे नऊ. त्या दिवशी आत्याने दुकानातली जुनी मापांची वही घरी आणून ठेवली.  दुकानाची आवराआवर सुरू झाली होती.

नव्वदाव्या दिवशी खांबाखाली गर्दी जमली. गेल्या तीन महिन्यांत मतं फिरली होती. आता बहुतेकांना मंदक हवा होता, पण आधीचं बहुमत नोंदवलं गेलं होतं आणि नोंदवलेलं मत बदलायला नवी प्रश्नावली लागते (प्रतीक्षा: चौदा महिने). दशांशने शेवटचा प्रामाणिक प्रयत्न केला. ती शिडीवर चढली, पेटीचं झाकण उघडलं आणि सगळ्यांना आत दाखवलं.

"बघा, रिकामी आहे! आत काहीच नाहीये. फक्त दिव्याचे सेकंद वाढलेत!"

गर्दीने माना उंचावून आत पाहिलं. मग एक जण म्हणाला, आतला माल कोणीतरी चोरला. दुसरा म्हणाला, हल्ली सगळं एवढं लहान येतं की डोळ्यांना दिसत नाही. सलूनवाले काका हात मागे बांधून जवळ आले, आत डोकावले आणि हळहळले, "वापरून संपवला बिचारा."

दशांश खाली उतरली. खरं सांगून झालं होतं. समोरच्या फुटपाथवर आत्या दुकानाच्या पायरीवर बसून होती, पंधरा सेकंदांच्या शेवटच्या दिवशी. तंत्रज्ञाने स्क्रूड्रायव्हर काढला. तेव्हा दशांशने कार्यवाहीवर देखरेख करायला आलेल्या साहेबांच्या हातातली फाइल मागितली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली, चहाच्या वेळा मोजल्या होत्या तितक्याच काटेकोरपणे.

"साहेब, पूर्वस्थिती म्हणजे फाइलमधल्या पहिल्या कागदाच्या दिवशीची स्थिती ना?"

"अर्थात."

"पहिला कागद प्रश्नावली. तिच्यात लिहिलंय, 'सिग्नलमध्ये बसवलेला मंदक'. म्हणजे पूर्वस्थितीत मंदक होता."

साहेबांनी पान पाहिलं. होता.

"आणि सेकंदांना बहुमत मिळालं नाही, म्हणून सेकंदांचा कागद या फाइलला जोडलेलाच नाही. नऊ हा आकडा यात कुठेही नाही."

साहेबांनी सगळी पानं उलटली. नव्हता. जो आकडा फाइलमध्ये नाही, तो लावायचा तर स्वतःच्या मताने लावावा लागला असता, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं.

दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी मंदक विधिवत काढण्यात आला. सात मिनिटांनी पूर्वस्थिती आणण्यासाठी तो परत बसवण्यात आला. काढा म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, ठेवा म्हणणाऱ्यांनीही वाजवल्या. मतसंग्रह कार्यालयाच्या इतिहासात शंभर टक्के समाधानाची नोंद ही एवढीच.

आत्या पायरीवरून उठली आणि हिरव्या दिव्यावर निघाली. १४.३ सेकंदांत ती अलीकडे पोहोचली. उरलेले ०.७ सेकंद तिने फुटपाथवर उभं राहून, थांबलेल्या ट्रकवाल्यांकडे वळून बघण्यात घालवले.

"मंदक चांगलाच आहे गं," ती दशांशला म्हणाली. "फक्त थोडा मोठा हवा होता."

"आत्या, तो रिकामा आहे! सेकंद तूच वाढवून घेतलेस ना?"

"ते खरं. पण माझं आपलं मत सांगितलं."

या प्रकरणाचा अहवाल आता वाचकांसाठी खुला आहे. अहवाल वाचणाऱ्यांचं मंदकाबद्दल काय होतं, याचंही गणित दशांशने मांडून ठेवलं आहे. मंदक राहावा की जावा, याबद्दल ८३.०६ टक्के वाचकांचं मत इथपर्यंत येता येता ठरलेलं असतं. पेटी रिकामी आहे हे तीनदा सांगून या आकड्यात फरक पडत नाही. 'आपण काही त्यांच्यातले नाही' असं वाटणाऱ्या वाचकांचं प्रमाण मात्र बरोबर शंभर टक्के आलं. आकडा पूर्णांकात आला म्हणून तिने तो तीनदा तपासला.