फुलभांगेचा चोर

भांग कशी वाढवावी हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! निदान यंदाच्या भादव्यापर्यंत माझं असंच मत होतं.

गेल्या साली गारपिटीत अख्ख्या गावाचं बी गेलं. वाचली ती फक्त माझ्या घरामागच्या उतारावरची, तीन पायऱ्यांच्या शेतातली भांग. म्हणून यंदा मी चनरदाच्या चहाच्या दुकानात उभा राहून जाहीर केलं, "कुणी काळजी करू नका! पुढच्या पेरणीला गावाला बी हा त्रिलोकसिंग देणार!" सतरा वर्षं फौजेत बर्फातली चौकी राखलेला माणूस मी. भांगेची राखण म्हणजे माझ्यासाठी पोरखेळ. (बी म्हणजे चटणीचं आणि भाजीचं हो! भलत्या आशेने वाचणाऱ्यांनी इथेच थांबावं.)

फुलोरा आला की भांगेतली नर झाडं आणि मादी झाडं वेगळी ओळखू येतात. नराला आम्ही फुलभांग म्हणतो. त्याच्या फुलांतून पिवळी धूळ उडते, ती मादीवर बसते आणि मादीत बी भरतं. नर गेला की बी गेलं. एवढं मला ठाऊक होतं आणि एवढ्यावरच माझी सगळी ऐट चालली होती.

आमच्याकडे भादव्यात दुपारचं जेवण आटोपलं की धुकं दरीतून वर चढतं. भांग तेव्हा माणसाच्या दुप्पट उंच झालेली असते. आत शिरलं की घर दिसत नाही, गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत नाही, आणि वासाने डोकं जड होतं. अशाच एका दुपारनंतर मी फेरी मारायला गेलो, तर तीन नर गायब! कडेचे नाहीत, ऐन मधले! मुळासकट गेलेले, पण खड्डा नाही. जागेवरची माती हाताने थापून सारखी केलेली, पुरल्यावर करतात तशी. आणि पाऊल म्हणाल तर एकही नाही.

"डुक्कर असेल," माझी बायको देबुली म्हणाली.

"डुक्कर माती थापून जातं का?"

"मग माकड."

"माकडं एवढी कामसू असती तर त्यातलीच एक बायको करून आणली असती!"

"आणा की! तुमच्या ईजाचं तीच करील सगळं."

ईजा म्हणजे माझी आई. वय त्र्याऐंशी. कमरेत इतकी वाकलेली की तिचं तोंड बघायला मला खाली बसावं लागतं. ती चुलीपाशी निखारे सारत होती. वर न बघता म्हणाली, "फुलभांग गेली ना रे? जाऊ दे. तिचं काम झालं की ती जातेच."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला पलीकडचं दिसायला लागतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दोन गेली. तिसऱ्या दिवशी चार! आणि जायची ती नेमकी दुपारी, देबुली गवत कापायला डोंगरावर गेली आणि माझा डोळा लागला की. मग मी पहारा द्यायचं ठरवलं. हातात काठी, पायात फौजेचे बूट, आणि मधल्या पायरीवर दबा धरून बसलो.

धुकं आलं. वारा पार पडलेला. एक पान हलत नव्हतं. आणि समोर, दहा हातांवर, एका झाडाचा शेंडा थरथरला. शेजारची झाडं गप्प, हे एकटंच थरथरत होतं. मग ते उभं झाड सरळ खाली गेलं. पडलं नाही हो, खाली गेलं! कुणीतरी त्याचा पाय धरून ओढून घ्यावा तसं. मग दुसरं गेलं. मग धापा टाकल्याचा आवाज आला, बारीक, अगदी जमिनीलगत. मग काहीतरी सरपटत सरपटत लांब गेलं.

"कोण आहे?" मी दरडावणार होतो. पण आवाज बहुतेक सरहद्दीवरच राहिला असावा. मी घरी पोचलो तेव्हा माझ्या पायात एकच बूट होता.

"तुम्ही चौकी राखत होता, की चौकी तुम्हाला राखत होती?" देबुलीने विचारलं.

तिला हसू येत होतं ते आठवडाभरच. मग एका सकाळी ओढ्याच्या बाजूने कुजका वास यायला लागला. एका पायात उरलेला बूट, दुसऱ्यात चप्पल घालून मी बघायला उतरलो. वळणावरच्या डोहावर धुकं टेकलं होतं. वाकून पाहिलं. पाण्याखाली केस होते! लांबच लांब, पांढुरके, हिरवट झाक असलेले केस, पाण्याबरोबर हळूहळू इकडून तिकडे डोलणारे. आणि ते वर येऊ नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यावर दगड ठेवले होते.

दुसरा बूट तिथे राहिला. चला, जोडी फुटली म्हणून हळहळायला नको!

आता देबुलीही हसेना. "मसाण आहे हे," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "कुणीतरी आपल्या शेतात भूत सोडलंय."

"भूत सोडणारा माणूसच असणार ना? मग मी घात घालतो!"

चोर सापडत नसला की आमच्याकडे ठाण्यात कुणी जात नाही. गोलू देवतेच्या देवळात जायचं, तांदूळ फेकायचे, आणि चोराला काय शिक्षा हवी ती मोठ्याने सांगायची. देव न्यायाचा पक्का. शिक्षा बरोबर पत्त्यावर पोचते.

"घात घालायच्या आधी घरात विचारायचं असतं," देबुली म्हणाली. "एकेकाला, तोंडावर. ती रीत आहे."

"विचारतो. तू नेलीस माझी झाडं?"

"मी? गवताचा भारा उतरवल्यावर मला मान सरळ करता येत नाही!"

"झालं. विचारलं."

"आणि ईजाला?"

"ईजाला? तिला पाण्याचा लोटा उचलवत नाही, ती झाडं उपटणार? तूही ना!"

चांगला मुहूर्त बघून आठवड्याने मी निघालो. देऊळ गावाच्या वर, बांज-ओकाच्या झाडीत. शेकडो घंटा टांगलेल्या. कुणी नव्हतं. मी मूठभर तांदूळ फेकले आणि ओरडलो, "देवा! ज्या हातांनी माझी फुलभांग उपटली ते हात गार पडू देत! बी पाखडायच्या आत त्या चोराला चौघांनी उचलू दे!" ते 'चौघांनी उचलू दे' मला जागेवर सुचलं. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. वारा नव्हता, तरी कोपऱ्यातली एक घंटा एकदाच वाजली. मी परत आलो ते छाती फुगवून.

घरात शिरलो तर ईजा अंथरुणावर. देबुली तिचे तळवे चोळत होती.

"बघा हो," ती म्हणाली, "अंग तापलंय, पण हात कसे गार पडलेत!"

मी दारातच मटकन बसलो. छे, योगायोग असेल, मी मनाला सांगितलं. पण तीन दिवस झाले तरी ताप उतरेना. काढा झाला, खालच्या बाजारातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. हात गार ते गारच. शेवटी देबुलीने चनरदाला बोलावलं. चनरदा चहा वाईट करतो, पण तांदूळ बघून बाधा ओळखण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. त्याने ईजाच्या डोक्यावरून तांदूळ उतरवले, तळहातावर घेतले आणि एकेक दाणा सरकवत बसला. चूल तडतडत होती, तेवढाच काय तो आवाज.

"तिलुवा," तो मला म्हणाला, "हा रोग नाही. घात आहे."

"क-कुणाचा?"

"घालणारा आणि लागलेली, दोघं एकाच चुलीवरचं खातात."

देबुलीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

मग देबुली उठली आणि ईजा तीन दिवस कुणाला हात लावू देत नव्हती ती घोंगडी तिने झटकन उचलली. खाली दोराचं भलंमोठं वेटोळं होतं! पांढुरकं, हिरवट, मऊ.

"ईजा, हा दोर कसला?"

"तिरडीचा," ईजा डोळे न उघडता म्हणाली. "माझ्या."

मग तीच बोलत गेली, थांबत थांबत. "तुझ्या बापाला बाजारातल्या नायलॉनने बांधून नेलंत. जळताना काय तो घाण वास! लोक नाकाला फडकं लावून उभे होते. तेव्हाच ठरवलं, मला आपल्या शेतातल्या भांगेचा दोर हवा. तुला मागितला असता तर तू रडत बसला असतास. म्हणून गुपचूप उपटली."

"तू? आणि ती थापलेली माती?"

"खड्डा उघडा ठेवला तर शेजारच्या झाडाची मुळं सुकतात."

"पावलं का नव्हती?"

"भारा मागून ओढत नेला, पावलं पुसली गेली."

"आणि डोहातले केस?"

"केस? वाख आहे तो, भांगेच्या सालीचा! भिजत घातल्याशिवाय सुटतो का? जाता-येता दोन बूटही सापडले, एक भांगेत आणि एक डोहाशी. कुणाचे रे?"

चनरदाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"पण नर उपटल्यावर बी कसं भरणार?" मी शेवटचा बुरूज लढवला.

"धूळ उडून गेल्यावरच उपटले ना मी! त्यानंतर नर उभा ठेवला तर नुसतं जळण. तेव्हाच काढला तर रेशमासारखा वाख निघतो. भांगवाला म्हणून गावभर मिरवतोस आणि एवढंही कळत नाही?"

इतर कुठल्याही दिवशी मला लाज वाटली असती. त्या दिवशी फक्त भीती वाटत होती. मी तिचे गार हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू आवरेना. आईचं मरण मी स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं, तेही जागेवर शब्द जुळवून!

ईजा म्हणाली, "मुदत काय घातलीस?"

"बी पाखडायच्या आत."

तिने बोटं मोजली. "म्हणजे वीस दिवस आहेत. बरं झालं. अजून सहा हात दोर वळायचा राहिलाय."

"ईजा!"

"आणि चौघांनी उचलू दे म्हणालास? चौघं आणणार कुठून? गावातले खांदा देणारे सगळे दिल्लीला गेले. मागायचं तर जमेल तेवढं तरी मागावं!"

चनरदाने उपाय सांगितला. ज्याला घात लागलाय त्याला देवळात न्यायचं, फेकलेले तांदूळ घालणाऱ्याने स्वतः वेचायचे, शब्द परत मागायचे, आणि तिने देवासमोर माफ करायचं. मी लगेच ईजाला पाठीवर घेतलं. ती गवताच्या भाऱ्याहूनही हलकी लागली. वाटेवर धुकं होतं. चनरदा आणि देबुली पुढे गेले आणि दिसेनासे झाले. माझ्या गळ्याभोवती ते गार हात. अर्ध्या वाटेत मानेवरचा तिचा श्वास लागेनासा झाला.

"ईजा?"

काही नाही.

"ईजा! ए ईजा!"

"ओरडू नकोस रे. मोजतेय."

"काय मोजतेयस?"

"पावलं. मला असंच खाली घाटावर नेताना किती लागतील याचा अंदाज घेतेय. वाट फार खराब केलीत तुम्ही लोकांनी."

देवळात तांदळाचे बरेच दाणे पाखरांनी खाल्ले होते. मी गुडघ्यांवर रांगत, पालापाचोळा उपसत अकरा दाणे शोधले. मग देवापुढे डोकं टेकलं. "देवा, चोर माझा आणि चूकही माझी. शब्द परत दे!"

"आता तू माफ कर, काकी," चनरदा म्हणाला.

ईजा घंटांकडे बघत बसली.

"करते," ती अखेर म्हणाली. "पण राहिलेला दोर हा वळणार. माझी बोटं आता साथ देत नाहीत."

"वळतो! शंभर हात वळतो!"

त्या संध्याकाळी तिचे हात कोमट झाले. दोन दिवसांत ताप उतरला. गोळ्यांनी उतरला की अकरा दाण्यांनी, ते मला विचारू नका. मादी झाडांत बी मात्र मोत्यासारखं भरलं. आणि मी, सतरा वर्षं बंदूक धरलेला माणूस, रोज अंगणात बसून आईच्या तिरडीचा दोर वळत होतो. पीळ सैल पडला की ती बोटांवर काठी मारायची.

सहा हात पुरे झाले त्या दिवशी तिने दोर अंगणभर पसरला, वितीने मोजला, विळा मागितला आणि मधोमध सर्रकन कापला!

"ईजा! एवढी मेहनत केली आणि तोडलास?"

"हा माझा," तिने एक वेटोळं बाजूला ठेवलं. दुसरं माझ्या मांडीवर ठेवलं. "हा तुझा."

"माझा? ईजा, मी अजून चोपन्नचा आहे!"

"आहेस ना. पण मी गेल्यावर तुझ्यासाठी कोण वळणार? सून नायलॉन आणील."

मी वेटोळं दोन्ही हातांनी धरून बसलो. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"तुझा दोन हात जास्त ठेवलाय," ती म्हणाली. "पोट बघून."

"चार ठेवा, ईजा!" स्वयंपाकघरातून देबुली ओरडली.

तेव्हापासून मी भात निम्माच घेतो.